ट्विचवरचं नाव बदलून बरेच महिने झाले, त्याचा अनुभव

ट्विच या लाइव्ह व्हिडिओंच्या साइटवर मी मराठीतून बुद्धिबळाचं स्ट्रीम करते. जुनं नाव कॉलेजात असताना घेतलेलं, अंडरस्कोर आणि आकड्यांनी भरलेलं. तोंडी सांगितलं तर कुणाला ते शोधता येत नसे, म्हणून 2025 च्या सुरुवातीला बदललं.

ट्विचवरचं काम मिनिटभराचं आहे. सेटिंग्ज, प्रोफाइल, नावाशेजारची पेन्सिल, पासवर्ड, झालं. पैसे लागत नाहीत. फॉलोअर, सबस्क्रायबर, मॉडरेटर (चॅट सांभाळणारे), क्लिप सगळं जागेवर राहतं, कारण ट्विच प्रत्येक खात्याला आतून एक क्रमांक देतं आणि बाकी सगळं त्या क्रमांकाशी जोडलेलं असतं. नाव म्हणजे दारावरची पाटी. ज्यांना बॅन केलंय तेही बॅनच राहतात, आणि ओबीएसमधली (स्ट्रीम पाठवायच्या सॉफ्टवेअरमधली) स्ट्रीम की, म्हणजे चॅनेलशी जोडणारा गुप्त कोड, बदलावी लागत नाही.

खरं काम ट्विचच्या बाहेर आहे. जुन्या नावाची लिंक नव्या चॅनेलवर नेत नाही, थेट बंद पडते. त्यामुळे इन्स्टाचा बायो, यूट्यूबच्या व्हिडिओंखालची वर्णनं, व्हॉट्सअॅप ग्रुपचं डिस्क्रिप्शन, क्लबच्या भिंतीवरचा क्यूआर कोड, हे सगळं एकेक करून बदलायचं. ओबीएसमध्ये चॅट दाखवण्यासाठी ब्राउझर सोर्स (स्ट्रीमवर वेबपान दाखवणारी चौकट) लावला असेल तर त्याच्या पत्त्यातही जुनं नाव असतं. चॅटमध्ये आपोआप उत्तरं देणाऱ्या नाइटबॉटमधून लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. कमांड टिकतात, पण त्यांच्या मजकुरात लिहिलेलं जुनं नाव हाताने बदलायचं. मी आधीच यादी करून ठेवली होती, तरी बदलायच्या जागा पुढे कित्येक आठवडे सापडतच राहिल्या.

यूट्यूबवर हँडल बदललं की 14 दिवस जुनी आणि नवी दोन्ही लिंक चालतात. ट्विचवर तशी सवलत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. छोट्या चॅनेलचे निम्मे प्रेक्षक कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरूनच येतात.

नाव निवडताना घाई करू नका, कारण पुढचा बदल 60 दिवसांनीच करता येतो. 4 ते 25 अक्षरं, तीही रोमन. आकडे आणि अंडरस्कोर चालतात. जपानी, चिनी, कोरियन लिपीत दिसणारं नाव ठेवता येतं, देवनागरीत नाही. म्हणून मराठी शब्द घेताना त्याचं स्पेलिंग लोक किती तऱ्हांनी करतील ते बघा. ‘वजीर’ मला फार आवडलं होतं, पण व्ही की डब्ल्यू, जे की झेड, यातच चार नावं होतात. शेवटी असा शब्द घेतला जो मावशीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी एकसारखाच टाइप केला. घरच्यांना आणि मॉडरेटरना न दाखवता टाइप करायला लावा, लगेच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो माणसांना. फॉलो केलेल्या चॅनेलच्या यादीत अचानक अनोळखी नाव दिसलं की लोक ‘ही कोण’ म्हणून अनफॉलो करतात. म्हणून माझा आग्रह एवढाच, की नाव बदललंत तर निदान तीन-चार महिने प्रोफाइल फोटो तोच ठेवा. माझे नेहमीचे प्रेक्षक फोटोवरूनच ओळखून आले. स्ट्रीमच्या शीर्षकातही बरेच दिवस ‘आधीचं नाव अमुक’ असं लिहीत होते.

2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर आल्या, तेव्हा चॅटमध्ये खूप नवे लोक आले. ते लोक माझं नवं नाव ऐकून, शोधून आले होते. जुन्या नावाने हे कधीच झालं नसतं. तेवढ्यासाठीच ही सगळी खटपट मला पटते.

जुनं नाव ट्विच किमान सहा महिने राखून ठेवतं, त्यानंतर ते दुसऱ्या कुणालाही मिळू शकतं. म्हणजे राहिलेली जुनी लिंक उद्या परक्या माणसाच्या चॅनेलवर उघडू शकते. लिंक साफ करण्याची मुदत तेवढीच समजा.

बुद्धिबळवाल्यांसाठी आणखी एक. चेस डॉट कॉमवर नाव एकदाच बदलता येतं. लिचेसवर येतच नाही, फक्त अक्षरं लहान-मोठी करता येतात. त्यामुळे लिचेसवर प्रेक्षकांशी खेळताना माझं जुनंच नाव दिसतं, आणि ते कोणाचं आहे हे मी स्ट्रीमखालच्या पॅनेलमध्ये लिहून ठेवलंय.