गाण्याचे पहिले दोन सेकंद: 2011 च्या नेटवर्क अँप्लिफायरबरोबर चवथीपासूनचे आठ महिने

चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधून झाली, नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड सगळं लागलं, मी हात धुतले आणि आता जरा गाणी लावूया म्हणून फोन घेतला. अँप्लिफायरचं ॲप रात्रीत आपोआप अपडेट झालेलं. नवे रंग, नवी बटणं, आणि आमचा अँप्लिफायर यादीतच नाही. दुसऱ्या दिवशी घरात तीस माणसं, आणि आवाज फोनच्या स्पीकरवर. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही.

कंपनीचं नाव घेत नाही. 2011 मध्ये घेतलेला स्टिरिओ नेटवर्क अँप्लिफायर, म्हणजे घरच्या वायफायवरून थेट गाणी घेऊन स्पीकरवर वाजवणारा, ज्यांच्याकडे त्या काळातला असा काही असेल त्यांना स्पेक्स माहीतच आहेत. महत्त्वाचं एवढंच की त्याला मागे ऑप्टिकल इनपुट आहे, म्हणजे प्रकाशाच्या केबलने डिजिटल आवाज घेणारं भोक.

चवथ आटपल्यावर फोंड्याहून पणजीला सर्व्हिस सेंटरला नेला, मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून, अकरा किलोचं धूड. तिथला मुलगा म्हणाला, "सर, याचा सॉफ्टवेअर सपोर्ट संपला, नेटवर्क बोर्ड पण येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." एक्स्चेंजचे तीन हजार, नवीन मशीन बासष्ट हजारांचं. मी म्हटलं, आवाजात काय खराबी आहे ती दाखवा. त्याने सीडी प्लेअर जोडला, दोन्ही चॅनल स्वच्छ. म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला, आउटपुट चांगलं, फक्त फोनने ओळख सोडली म्हणून मी हे भंगारात टाकायचं? तपासणीचे पाचशे घेतले ते वेगळेच.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, त्याचं वायफाय विसरा, त्याला नुसता अँप्लिफायर समजा, डोकं आपण बाहेरून लावू." त्याच्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचं रास्पबेरी पाय 3, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, पडून होतं. ऑप्टिकल आउटवालं छोटं बोर्ड, केबल, मेमरी कार्ड आणि चार्जर धरून माझे गेले साडेतीन हजार. त्यावर शेअरपोर्ट सिंक नावाचा प्रोग्राम टाकला, तो फुकट आहे, त्यामुळे मुलीच्या जुन्या आयफोनवरून एअरप्लेने, म्हणजे ॲपलच्या बिनवायरच्या सोयीने, थेट गाणं जातं. इंटरनेट रेडिओसाठी एमपीडी हा दुसरा प्रोग्राम. चार्जरवर कंजुषी करू नका, मी आधी घरातला मोबाइलचा लावला तर स्क्रीनवर पिवळं विजेचं चिन्ह यायचं आणि आवाज तुटायचा. याला 5 व्होल्ट अडीच अँपियरचा नीट चार्जर लागतो.

आता खरी गोष्ट. पहिल्या दिवसापासून गाण्याचे पहिले दोन सेकंद गायब. प्ले दाबलं की अँप्लिफायरच्या पोटात रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, 'टक्' करतो आणि मग आवाज येतो, तोवर गाणं पुढे गेलेलं. बायको म्हणते दोन सेकंदांनी काय होतंय. अहो, वडिलांनी जमवलेल्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या मी डिजिटल करून घेतल्यात, त्यात आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आहेत. त्या तबकडीची एक बाजू तीन, फार तर साडेतीन मिनिटांची. त्यात गायकाला वेळच नाही, सुई टेकली की सूर लागलाच. तो पहिला सूर जो लागतो, त्यावरच पुढचं सगळं गाणं उभं राहतं, आणि नेमका तोच माझा रिले खात होता! आरतीचाही पहिला शब्द जायचा.

महिनाभर या एका गोष्टीच्या मागे होतो. कारण असं की गाणं थांबलं की पाय ऑप्टिकलवरचा सिग्नलच बंद करतो, अँप्लिफायर मग म्यूट होतो, आणि परत सिग्नल आला की त्याच्या क्लॉकशी जुळवून घेईपर्यंत तोंड उघडत नाही. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते, 44.1 वरून 48 किलोहर्ट्झवर गेला तरी तेच, म्हणून रेडिओवरून गाण्यावर येताना परत टक्. शेअरपोर्टच्या सेटिंगमध्ये 'डिसेबल स्टँडबाय मोड' सापडलं, ते 'ऑलवेज' केलं की गाणं नसतानाही तो शांतता पाठवत राहतो आणि अँप्लिफायर जागा राहतो. सूर परत आला! त्या रात्री एकच तबकडी चार वेळा ऐकली.

सकाळी रेडिओ लागेना. साउंड कार्ड, म्हणजे ते ऑप्टिकलवालं बोर्ड, शेअरपोर्टने धरून ठेवलेलं, एमपीडीला मिळतच नाही. मग 'ऑटो' केलं, म्हणजे ऐकणं चालू असेपर्यंत जागा ठेवतो, नंतर साउंड कार्ड सोडतो. राहिला बैठकीतला पहिला टक्, त्यासाठी मी पाच सेकंद नुसत्या शांततेची एक फाइल केलीय आणि ती प्रत्येक यादीत सगळ्यात वर. तेव्हापासून एकही सूर गेलेला नाही.

इथे एक दुरुस्ती. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की अपडेटने घात केला, तो केलाच, पण सगळा दोष त्याचा नव्हता. त्याच आठवड्यात फायबरवाल्याने राउटर बदलून दिला होता. त्यात वायफायचे दोन्ही बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) एकाच नावाखाली आणि सिक्युरिटी नव्या पद्धतीची, डब्ल्यूपीए3 मिश्र. आमचा अँप्लिफायर फक्त 2.4 गिगाहर्ट्झ आणि जुनी डब्ल्यूपीए2 जाणणारा, तो जोडलाच जात नव्हता. डिसेंबरात 2.4 चं वेगळं नाव देऊन नुसतं डब्ल्यूपीए2 ठेवलं आणि गडी हजर, डीएलएनएवरून, म्हणजे घरच्याच नेटवर्कवरच्या फायलींमधून, गाणी वाजवायला लागला. तेव्हा नवीन काही घेण्याआधी राउटर बघा, हे मी स्वतः आधी केलं नाही. त्याचा स्वतःचा इंटरनेट रेडिओ मात्र गेला तो गेलाच. स्टेशनं एकेक करून एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, गेली आणि समोरच्याची ओळख पटवायला लागणारी याच्या पोटातली सर्टिफिकेटं जुनी. 30 सप्टेंबर 2021 ला डीएसटी रूट सीए एक्स3 हे मूळ सर्टिफिकेट संपलं तेव्हा जगभरातली अशी जुनी उपकरणं अडली होती.

मतही थोडं बदललंय. आधी म्हणायचो अपडेट कधीच द्यायचं नाही. आता अँप्लिफायरला इंटरनेट नाहीच, राउटरवरून बंद, आणि पायचं अपडेट मी द्यायचं तेव्हा देतो, त्याआधी मेमरी कार्डाची कॉपी काढून डबीत ठेवतो. बिघडलं तर कार्ड बदललं की पाच मिनिटांत गाणं चालू.

आपल्याकडे वीज जाते त्याचं काय, तर ऑक्टोबरच्या गडगडाटात चालू कार्ड एकदा खराब झालंच. तेव्हापासून पायची फाइल सिस्टिम ओव्हरले, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही, मधेच वीज गेली तरी बिघडत नाही. आणि ऑप्टिकल केबल प्लास्टिकची, तिच्यातून वीज जात नाही, म्हणजे राउटरच्या बाजूने झटका आला तर तो पायवर थांबेल, अँप्लिफायरपर्यंत जाणार नाही. मेनच्या बाजूने येऊ शकतो, म्हणून वीज चमकायला लागली की प्लग मी हाताने काढतो.

आता व्हॉल्यूमचा नॉब खरखरायला लागलाय, दमट हवेने आतल्या पट्टीवर मळ धरतो. काँटॅक्ट क्लीनरचा कॅन आणून ठेवलाय, पाऊस लागायच्या आत झाकण उघडून मारायचाय.