जुन्या मोटारीची स्टेपनी: मूळ टायर जपावे की नवे चढवावे?

प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर अजून चालती ठेवणाऱ्या कोकणातील मालकासमोर कधी ना कधी हा प्रश्न येतोच, की डिकीत वर्षानुवर्षे पडून असलेले मूळ टायर निगा राखून वापरात ठेवावे, की त्याच चाकावर नवे टायर चढवावे. (आपण सर्रास वापरतो तो ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून, तेथे 1904 च्या सुमारास निघालेल्या जादा चाकाच्या कारखान्यामुळे आला, त्या देशात तो मागे पडला, आपल्याकडे टिकला.)

मूळ टायरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. जुनी क्रॉस-प्लाय बांधणी (आतल्या धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके बसवलेली), त्या काळची नक्षी आणि बाजूवरचा ठसा यांमुळे गाडीचे अस्सलपण टिकते, शिवाय खर्च किरकोळ असतो. परंतु न झिजलेली नक्षीच येथे फसवते. हवेतील ओझोनपासून रबराचे रक्षण व्हावे म्हणून त्यात मिसळलेले मेण टायर रस्त्यावर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहते. स्टेपनी फिरतच नसल्यामुळे ते पुरेसे वर येत नाही, आणि म्हणून कोऱ्या दिसणाऱ्या टायरच्या बाजूंनाही बारीक चिरा पडतात. बहुतेक उत्पादक दहा वर्षांपलीकडे टायर वापरू नये असे सांगतात, आणि त्यात स्टेपनीही धरलेली असते. अशा टायरवर भरलेली गाडी घाट चढू लागली, की आतली उष्णता वाढून थर सुटण्याचा धोका असतो.

कोकणात टायरइतकेच लक्ष लोखंडी चाकाकडे, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत डिस्ककडे द्यावे लागते. खारा वारा आणि पावसाळ्यातील चार महिन्यांची ओल यांमुळे टायरच्या कडेखाली, दिसणार नाही अशा जागी गंज धरतो आणि त्याचे पापुद्रे ट्यूब कापतात. त्यामुळे कोणताही पर्याय निवडला तरी मे महिन्यात टायर उतरवून, डिस्क तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड आणि रंग देऊन पूर्ण वाळवावी, ट्यूबला फ्रेंच चॉक, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, लावावी आणि महिन्यातून एकदा हवा तपासून ती नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड जास्त ठेवावी. टायर चमकावे म्हणून त्यावर खोबरेल चोळण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी. तेलाने रबर फुगून मऊ पडते. साबणाचे पाणी पुरते.

नव्या टायरची अडचण मिळण्याची आहे. पद्मिनीचे 5.20-14 किंवा अँबॅसडरचे 5.90-15 हे माप चिपळूण-रत्नागिरीच्या दुकानांत हमखास मिळेल असे नाही, आणि खप कमी असल्याने मिळालेले ‘नवे’ टायरही गोदामात जुने झालेले असू शकते. म्हणून बाजूवरील शेवटचे चार अंक वाचावेत: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. धावती चारही टायरे रेडियल, म्हणजे धाग्यांचे थर तिरके नव्हे तर सरळ आडवे असलेल्या नव्या बांधणीची, असतील तर स्टेपनीही रेडियल आणि त्याच व्यासाची घ्यावी, कारण एकाच आसावर दोन्ही प्रकार जोडणे धोक्याचे असते.

रिमोल्डचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घेण्याचा, विचार करू नये. नक्षी नवी मिळते, सांगाडा तोच राहतो. 2020 च्या नियमदुरुस्तीने काही गाड्यांना स्टेपनीशिवाय चालण्याची मुभा दिली, पण ती ट्यूबलेस टायर, दुरुस्ती-संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांसाठी आहे.

गाडी केवळ रविवारी रत्नागिरीतील मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत जात असेल आणि पंक्चर झाल्यास घरून माणूस येऊ शकत असेल, तर चिरा नसलेले मूळ टायर हळू वेगाने पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरते ठेवायला माझी हरकत नाही. आंबा किंवा कुंभार्ली घाट ओलांडून देशावर जायचे असेल, तर नवेच टायर हवे. मूळ टायर तेव्हा भंगारात न देता जुन्या बाजारातून आणखी एक डिस्क मिळवून तिच्यावर चढवावे, माळ्यावर लाकडी फळीवर ठेवावे, आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी तेवढे डिकीत घालावे.