सतरा नंबर की मुक्त विद्यालय?

बीडकडची आमची भाची ऊसतोडीपायी आठवीतच शाळेला मुकली. आता तिला दहावी करायचीय.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दिलेली राज्य मंडळाचीच दहावी. पुस्तकं गावात कुणाकडंही मिळतात, शिकवणारेही. पण मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, ऐन हंगामात! तेव्हा ती कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर असते. हीच मोठी अडचण.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, एप्रिल-मेमध्ये परीक्षा घेतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही. 5 वर्षांत 9 संधी. सुटलेला विषय पुन्हा देता येतो. मराठी माध्यम आहे. अभ्यास मात्र बराचसा स्वतःच करावा लागतो.

दोन्हींनंतर अकरावी करता येते.

गावात राहणाऱ्यानं सतरा नंबर भरावा. कारखान्यावर जाणाऱ्या आमच्या पोरीला मुक्त विद्यालयच.