तुणतुण्याला पिएझो चकती: गोंधळ-ब्लूज बँडच्या कितपत कामाची?

गोंधळाच्या चालीला स्लाइड गिटार जोडली की पहिला बळी तुणतुण्याचा जातो. तुळजापूरच्या गोंधळात संबळाबरोबरही ऐकू येणारी ती तार अॅम्प सुरू होताच बुडते. अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून विजेच्या गिटारकडे वळला. तुणतुण्यासाठी तोच इलाज 27 मिमीची पिएझो चकती, म्हणजे कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी पातळ चकती, करते. सुट्या भागांच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मिळते.

ती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली तर पत्र्याचा डबा वाजल्यासारखं ऐकू येतं. चकतीची धारिता (कपॅसिटन्स) साधारण 20 नॅनोफॅरड असते; त्यामुळे अशा 10 किलोओमच्या लाइन इनपुटवर 800 हर्ट्झखालचा आवाज गळत जातो. मध्ये 1 मेगाओम इनपुटचा प्रीअॅम्प (मिक्सरआधी सिग्नल सावरणारा छोटा अॅम्प) घातला की खर्ज परत येतो. खरा खर्च तोच, आणि तो टाळू नये.

वायरला डाग देताना (सोल्डर करताना) पितळेला अर्थिंगची वायर, मधल्या पांढऱ्या भागाला सिग्नल. सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांच्या वर टेकली तर चांदीचा थर सुटतो. वायर शिल्डचीच हवी, नाहीतर मांडवातल्या लायटिंगची घरघर स्पीकरमधून येते. चकती कातड्यावर चिकटवू नका: तिच्या वजनाने आवाज दबतो, शिवाय मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो. लाकडी नळकांड्यावर, खालच्या काठाजवळ, पातळ दुहेरी टेपने बसवा. फोमची जाड टेप झंकार खाते.

संबळाला मात्र ही चकती नकोच. काठीच्या प्रत्येक टोल्याला सिग्नल फाटतो. तिथे काठापासून दोन-तीन इंचांवर साधा डायनॅमिक माइक बरा.

तुणतुणं नीट ऐकू यायला लागलं की बँडची चालही बदलावी लागते. गिटार ओपन जीमध्ये (मोकळ्या तारा डी-जी-डी-जी-बी-डी), तुणतुणं पांढरी पाचच्या सा वर, म्हणजे जी वर. बारा बारच्या ब्लूजमध्ये चौथी कॉर्ड (सी) चालून जाते, कारण हा सा तिचा पंचम होतो. पाचव्या कॉर्डमधला (डी) शुद्ध नी मात्र सा ला घासतो. तेवढ्यापुरती तार थांबवा, नाहीतर सरळ एकाच कॉर्डवर रहा. गोंधळाला तेच जास्त शोभतं. गायक काळी पाचवर गाणार असेल तर कॅपो (गिटारच्या सगळ्या तारा दाबणारी क्लिप) तिसऱ्या पट्टीवर. उन्हात कातडं ताणतं, पावसाळी हवेत सैल पडतं, त्यामुळे खुंटी दर गाण्याआधी तपासा.