गोचीड काढायचा हूक: कुत्रा आणि मांजर, दोघांवर वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. घरी कुत्रं असेल तर हा हूक घ्याच, आणि घेताना लहान-मोठा असा जोड घ्या. नुसता मोठा घेतलात तर ऐन वेळी तो निम्म्या ठिकाणी चालणार नाही.

वस्तू अगदी साधी आहे. कडक प्लॅस्टिकचा बोटभर लांब दांडा, टोकाशी किंचित वळलेला आणि मधोमध चिरलेला. खिळे उपटायच्या हातोडीची मागची बाजू आठवा, तशी. ही चीर तोंडाशी रुंद असते आणि आत निमुळती होत जाते, सगळी किमया त्या निमुळत्या भागात आहे. गोचिडाचं तोंड कातडीत रुतलेलं असतं आणि त्याच्या सोंडेला उलटे काटे असतात, म्हणून तो सहजी सुटत नाही. हुकाची चीर कातडी आणि त्याचं पोट यांच्या मधे जाऊन बसते, पोटाला दाब बसतच नाही. नखांनी किंवा घरातल्या जाड टोकाच्या चिमट्यानं धरायला जावं तर हातात पोटच येतं. मग तो फुटतो, किंवा पोटातला ऐवज उलट जखमेत जाण्याची भीती राहते.

आमच्याकडे या हुकावर एवढी भिस्त असण्याला कारण आहे. आमच्या कुत्र्याला, खंडूला, फिट्स येतात. गोचीड मारणाऱ्या फ्लुरालानर, अफोक्सोलानर या गटातल्या गोळ्या बहुतेक कुत्र्यांना छान लागू पडतात. फ्लुरालानरची एक गोळी तर १२ आठवडे पुरते. पण या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर सुटणं, तोल जाणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दिला होता. आमच्या डॉक्टरांनी खंडूला त्या द्यायच्या नाहीत असं पहिल्यापासून सांगून ठेवलं आहे. दुसरा मार्ग परमेथ्रिनच्या थेंबांचा. ते कुत्र्याला चालतात, पण मांजराला विषारी. आमची मनी खंडूच्या पाठीला पाठ लावून झोपते आणि त्याचे कान चाटते, त्यामुळे तोही मार्ग बंद. राहता राहिले डॉक्टरांनी दिलेले फिप्रोनिलचे थेंब. ते चांगले आहेत, पण गोचीड अंगावर चढल्यावर मरायला एक-दोन दिवस लागू शकतात. एर्लिकियाचा जंतू, ज्यामुळे गोचीड ताप येतो, तो चावल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात शिरू शकतो. म्हणून फिरून आल्यावर तपासायचं आणि दिसला की तिथल्या तिथे काढायचा.

वापरायची रीत सांगते, कारण पाकिटावरच्या चित्रांत ती नीट कळत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी केस दुभंगून कातडी उघडी करायची. हूक आडवा, कातडीला टेकवून, बाजूनं सरकवायचा आणि गोचीड चिरेत घट्ट बसेपर्यंत पुढे न्यायचा. आता ओढायचं नाही. दांडा जरासा उचलायचा आणि दोन बोटांत धरून तिथल्या तिथे फिरवत राहायचं. दोन-तीन फेऱ्यांत पकड सुटते आणि गोचीड पाय हलवत हुकावर येतो. जिवंत आणि अखंड. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो, पण तो तसाच निघायला हवा असतो. त्याला झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये टाकायचा. पायाखाली किंवा नखावर चिरडू नका, त्यातून जंतू आपल्या हाताला लागतात. मग जागा साबणाच्या पाण्यानं पुसायची आणि आपले हात धुवायचे.

खंडू या सगळ्यात पडून राहतो. माझ्या मते या हुकाचा खरा फायदा हा आहे. चिमटा दिसला की तो पलंगाखाली जायचा, कारण चिमट्यात कातडी सापडायची. हूक घेतला की नुसता कान पुढे करतो.

टपोरी फुगलेली, राखी रंगाची दिसते ती मादी. ती काढल्यावर हूक खाली ठेवू नका, आजूबाजूचे केस सारून बघा. बऱ्याचदा तिच्या अगदी शेजारी चपटा, तपकिरी नर असतो आणि तो नजरेतून निसटतो. मादी पोट भरून गळून पडली की भिंतीच्या भेगेत, पलंगाच्या सांध्यात जाऊन हजारो अंडी घालते. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड आपलं अख्खं आयुष्य घराच्या आत काढू शकतो. एक मादी बाटलीत गेली म्हणजे ती सगळी पिलावळ टळली, एवढं हे काम मोलाचं आहे.

आता उणिवा. कानामागे खंडूचे केस दाट आणि मऊ आहेत. तिथे हूक फिरवताना केस दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि ओढ बसते. केस पाण्यानं ओले करून नीट भांग पाडला तर हे टळतं, पण घाई चालत नाही. पापणीच्या कडेला मी हूक नेत नाही, तिथे बारीक टोकाचा चिमटाच लागतो: कातडीलगत धरायचं आणि सरळ, सावकाश वर उचलायचं. सहा पायांची अगदी बारीक पिल्लं असतात, त्यांना लहान हूकही मोठा पडतो. ती अजून चिकटलेली नसतील, नुसती केसांवर फिरत असतील, तर कपड्यांवरचे केस काढायच्या चिकट रोलरनं निघतात.

मी आधी एका संचातला हूक घेतला होता, त्यात धातूचा चिमटा आणि एक पत्रक होतं. चिमट्याची टोकं बोथट, कामाची नाहीत. आणि पत्रकात लिहिलं होतं की आधी गोचिडावर तेलाचा थेंब सोडा, म्हणजे गुदमरून तो आपणहून सुटेल. हे वाचून मला खरोखर संताप आला. गोचिडाला श्वास फार थोडा लागतो, तो तेलाखाली तासन् तास चिकटून राहतो आणि तेवढा वेळ त्याची लाळ आत जात राहते. व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी, सगळ्यांची गत तीच. हूक विकणाऱ्यानंच असं छापावं हे मला मुळीच पटलेलं नाही. पत्रक फेकून दिलं आणि नंतर नुसता हुकांचा जोड घेतला.

मनीसाठी फक्त लहान हूक. मांजर अंग चाटून बरेचसे गोचीड स्वतःच काढतं, त्यामुळे तिच्यावर ते सापडतात ते जीभ न पोचणाऱ्या जागी: हनुवटीखाली, कानाच्या कडेला, मानेवर. तिला टॉवेलमध्ये गुंडाळून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं हूक फिरवायचा.

हूक लावण्याआधी पाय दिसतात का ते बघाच. पोटावर काळसर दिसणारं टोक स्तनाग्र असू शकतं, ते नर कुत्र्यालाही असतं. म्हाताऱ्या कुत्र्यांना चामखिळीही असतात.

गोचीड काढलेल्या जागी बारीक गाठ राहिली तर डोकं आत अडकलं म्हणून सुईनं उकरू नका. ती बहुधा चाव्याची सूज असते, हळूहळू उतरते. तोंडाचा तुकडा खरंच राहिला असेल तरी कातडी तो स्वतःच बाहेर टाकते. जागा लाल, गरम झाली किंवा पू धरला तर डॉक्टरांकडे न्या. मी कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करते आणि पुढचे तीन आठवडे खंडूच्या खाण्याकडे, हिरड्यांच्या रंगाकडे आणि अंगाच्या तापाकडे लक्ष ठेवते. मलूल पडला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर रक्त तपासायला उशीर करायचा नाही. गोचीड तापावर डॉक्सिसायक्लिन चांगलं चालतं, पण ते वेळेत सुरू व्हावं लागतं आणि बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचं नसतं. डॉक्टर साधारण २८ दिवसांचा कोर्स देतात.

माणसाला चिकटलेला गोचीडही याच हुकानं निघतो, रीत तीच. नंतर ताप किंवा पुरळ आलं तर गोचीड चावल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लहान पिल्लाच्या अंगावर पुष्कळ गोचीड दिसले तर मात्र हूक हातात घेऊन बसू नका. पिल्लाच्या अंगात रक्त असतं किती, ते बघता बघता कमी होतं. त्याला तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या, उरलेले गोचीड तिथे निघतील.