चघळायची साधनं: लॉकेट, नळी की पेन्सिलीची टोपी?

शर्टाची कॉलर, पेन्सिलीचं टोक, रिमोटची बटणं, स्वेटरची नाडी. हाताला लागेल ते तोंडात घालणाऱ्या मुलांसाठी बाजारात ‘च्युई’ या नावाखाली बऱ्याच वस्तू मिळतात. सगळ्याच रंगीत आणि मऊ असतात, आणि सगळ्यांवर ‘सुरक्षित’ असा शिक्का असतो. दिसायला छान म्हणून आधी घेतलं जातं ते गळ्यात अडकवायचं लॉकेट. पण जोरात चावणाऱ्या मुलाला त्याचाच उपयोग सर्वांत कमी.

असं का, हे मूल आत्ता जे चावतं त्यावरच्या खुणांवरून कळतं. पेन्सिलीच्या टोकावर फक्त बारीक ओरखडे असतील, कॉलरची किनार नुसती ओली आणि उसवलेली असेल, तर काम पुढच्या दातांचं. पेन्सिल खोल दबलेली, खोडरबराभोवतीची पत्र्याची कडी चेपलेली, पेनाचं टोपण फुटलेलं असेल, तर काम दाढांचं. चावताना जबड्याच्या स्नायूंवर आणि सांध्यावर दाब येतो आणि त्या दाबानं बरीच मुलं शांत होतात, त्यांचं लक्ष टिकतं. म्हणूनच गणित सोडवताना, गोंगाटात किंवा थकल्यावर चावणं वाढतं. सगळ्यांत जास्त दाब मिळतो तो दाढांखाली. छातीवर लोंबणारी चपटी चकती दाढांपर्यंत नीट पोचत नाही. पोचलीच तर तिथं टिकत नाही. मग मूल दोन मिनिटांत ती सोडतं आणि पुन्हा कॉलरकडे वळतं.

दाढांनी चावणाऱ्यासाठी पहिली खरेदी नळीची किंवा दांड्याची. ‘टी’ किंवा ‘पी’ अक्षराच्या आकाराच्या या वस्तू ओठांच्या कोपऱ्यातून आत घालायच्या, म्हणजे टोक थेट दाढांवर येतं. आडवी पट्टी किंवा कडी बाहेर राहते, त्यामुळे टोक घशाकडे सरकत नाही. सरळ कांडी घेणार असाल तर तिला हातात धरायला ठळक मूठ हवीच. च्युई ट्यूब्स या ब्रँडच्या ‘टी’ आकारात पिवळी नळी सर्वांत बारीक, लहान जबड्यासाठी; लाल त्याहून जाड; हिरवीवर उठाव असतात. आर्क थेरप्युटिक या कंपनीकडे एकच आकार तीन कडकपणांत मिळतो: साधा, एक्सटी आणि सर्वांत कडक एक्सएक्सटी. नुसते ओरखडे असतील तर साधा, कॉलरला भोकं पडत असतील तर मधला, प्लॅस्टिक फुटत असेल तर कडक, एवढा हिशेब सुरुवातीला पुरतो.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे ‘जास्त टिकेल’ म्हणून थेट सर्वांत कडक प्रकार उचलणं. तो दबतच नाही, जबडा लवकर दुखतो, दुधाचा दात हलत असेल तर कळही येते, आणि महागातली वस्तू दप्तराच्या तळाशी जाते. उलट बाजूला, बाळाचं टीदर मोठ्या मुलाला देणं हीसुद्धा काटकसर नव्हे. ते दात येणाऱ्या हिरड्यांसाठी बनवलेलं असतं. पक्क्या दाढांखाली त्याचा तुकडा निघतो. आत पाणी किंवा जेल असलेलं तर देऊच नका, एका चाव्यात फुटतं.

आता लॉकेट. पुढच्या दातांनी हलकं कुरतडणाऱ्या, वस्तू हमखास हरवणाऱ्या मुलासाठी ते सोयीचं आहे. जाड, अखंड तुकड्याचं घ्या. मणी ओवलेली माळ नको. दोरा तुटला की मणी थेट घशाकडे जाऊ शकतात. मागची कडी ओढ बसताच सुटणारी हवी. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न व औषध प्रशासनानं) डिसेंबर २०१८ मध्ये चघळायच्या माळा आणि ब्रेसलेटबद्दल इशारा दिला, त्यात गळफास आणि घशात अडकणं हे दोन धोके सांगितले. ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्यांनी वापरायच्या दागिन्यांचाही त्यात उल्लेख आहे. त्यामुळे झोपताना, झोपाळ्यावर, घसरगुंडीवर, गाडीच्या सीटवर डुलकी लागते तेव्हा लॉकेट काढायचं. तीन वर्षांखालच्या मुलाला देऊच नये.

कडी सारखी सुटते म्हणून अनेक घरांत दोरीला सरळ गाठ मारतात. तसं करू नका, सुरक्षेचा भाग तोच आहे. कडी वारंवार सुटत असेल तर मुलाला चावण्याबरोबर ओढायलाही हवंय, असं समजा. त्याला गळ्यातलं काही नको. हाताच्या मुठीत मावणारा दांडा द्या, किंवा शर्टाला क्लिप लावून छोट्या पट्ट्यावर अडकवा. पट्टा मानेभोवती फिरू शकणार नाही इतका आखूड ठेवा. आणि मूल लॉकेट सोडून दोरीच चावत असेल (हे फार होतं), तर तंतू सुटायच्या आत दोरी बाद करा.

पेन्सिलीची टोपी शाळेसाठी उत्तम, कारण ती कुणाच्या नजरेत येत नाही. पण आतलं भोक पेन्सिलीला घट्ट बसलं पाहिजे. षट्कोनी पेन्सिलीसाठी बनवलेली टोपी गोल पेन्सिलीवरून सहज निसटते, लाळेनं ओली झाली की आणखीच. घेतल्यावर टोपी धरून पेन्सिल जोरात झटका. सुटली तर परत करा. तीन वर्षांखालच्यांच्या खेळण्यांचे सुटे भाग घशात अडकतील का, हे एका नळकांड्यात घालून तपासतात; त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. पेन्सिलीच्या टोप्या बहुधा त्यात सहज जातात, म्हणजे घशात अडकू शकतात. घरात रांगणारं भावंड असेल किंवा मूल वस्तू गिळत असेल, तर टोपी नकोच.

कापडी पट्टे आणि रुमाल हलकं चोखणाऱ्यांसाठी ठीक. ओले राहिले की हनुवटीला लाल चट्टे उठतात, म्हणून दिवसाला दोन-तीन तरी बदलायला हवेत. थरथरणारी, बॅटरीवर चालणारी कांडी मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टनं सुचवल्याशिवाय घेऊ नका. काही मुलांना ती थरथर अजिबात सहन होत नाही.

वस्तू बरोबर निवडूनही फसते ती देण्याच्या पद्धतीत. ‘ते काढ तोंडातून’ म्हटल्यावर मग च्युई पुढे केली, तर ती शिक्षेचा भाग बनते. दोन-तीन दिवस नुसतं टिपून ठेवा: किती वाजता, काय चालू असताना, काय चावलं. वेळा स्वतःहून दिसतात. गृहपाठाच्या वेळी चावत असेल तर वही उघडायच्या आधीच नळी हातात द्या, दोन्ही बाजूंच्या दाढांवर आठ-दहा संथ चावे होऊ द्या. शर्ट तोंडात गेलाच तर न रागावता, न बोलता अदलाबदल. जेवणात गाजर, सफरचंद असं कुरकुरीत काही आणि जाड पेय बारीक स्ट्रॉनं पिणं, यानंही जबड्याला काम मिळतं. एक च्युई घरी, एक दप्तरात, एक धुण्यात असा किमान तिनांचा संच हवा. वर्गशिक्षकांना आधी कल्पना द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी ती जप्त होते. नखांवर कडू लेप लावण्याचा उपाय इथं चालत नाही. नखं सुटतात आणि बाही धरली जाते.

साबण आणि कोमट पाण्यानं रोज धुवा. सिलिकॉनची असेल तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं चालते, इतर साहित्यासाठी पाकिटावरची सूचना पाहा. धुताना ताणून आणि वाकवून पाहा. दातांचे ठसे चालतील, चीर चालणार नाही. चिरलेला भाग कात्रीनं कापून उरलेला वापरणं धोक्याचं, कारण कापलेल्या कडेपासूनच पुढचा तुकडा सुटतो.

मूल चावून गिळत असेल, माती, कागद, केस, भिंतीचे पोपडे महिनाभर खात असेल, तर कुठलीही च्युई हे उत्तर नाही. हा पायका, म्हणजे अन्न नसलेल्या वस्तू खाण्याचा विकार, असू शकतो. डॉक्टरांकडे लोह आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या; जुना रंग पोटात जात असेल तर रक्तातलं शिसंही. चावणं अचानक सुरू झालं असेल तर आधी दंतवैद्य: किडलेली दाढ किंवा सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली पक्की दाढ हे साधं कारण पुष्कळदा निघतं. बटणासारखी बॅटरी किंवा लोहचुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.