कॅटमिंट, चौदा महिन्यांनंतर: ऊन सोसलं, ताटलीनं घात केला

कॅटमिंट म्हणजे पुदिन्याच्या कुळातलं, मांजरांना आवडणारं फुलझुडूप. त्याच्यावरचा 'बहुवर्षायू' हा शिक्का थंड मुलखातला. इंदुरात हे झाड वर्षानुवर्षं टिकवायचं तर भीती मे महिन्याची नाही, जुलैची. मे महिन्यात ४२ अंशांत पानं करपली तेव्हा 'हे इथलं नव्हे' असा शेरा ठरलाच होता. तो मागे घ्यावा लागतोय, कारण दुपारनंतर सावली मिळाली की बुंध्यातून पुन्हा फुटवे आले. पावसात मात्र चारपैकी तीन कुंड्या गेल्या, आणि तिन्हींखाली प्लास्टिकची ताटली होती.

मुळं कुजू लागली की झाड तहानल्यासारखंच दिसतं. पानं मलूल होतात, माणूस आणखी पाणी घालतो. आधी दोन बोटं मातीत खुपसा. आत ओल असूनही पानं माना टाकत असतील आणि बुंधा काळा, मऊ पडला असेल, तर मुळं गेली.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती चार भागांत एकच घ्यावी. दोन भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नकोच. मातीची दहा इंची कुंडी दोन विटांवर ठेवावी आणि बुंध्याभोवती बारीक गिट्टी पसरावी. खत हात राखून द्या; जास्त झालं की फांद्या लांबतात, मधोमध फाकून आडव्या पडतात आणि फुलं कमी येतात.

फुलांचा पहिला बहर सरला की झुडूप निम्मं छाटा, दुसरा येतो. पाऊस लागण्याआधी पुन्हा चार बोटांवर आणा, आत हवा खेळली पाहिजे. फेब्रुवारीत बिनफुलाच्या शेंड्याची तीन इंची कलमं ओल्या वाळूत लावून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात आणि पावसात मूळ झाड गेलंच तरी वाण हातात राहतो.

बियाण्यात पैसे घालवू नका. बागेतलं निळसर-जांभळ्या फुलांचं कॅटमिंट, म्हणजे नेपेटा फासेनी, हा वांझ संकर आहे, त्याला बी धरत नाही. त्याच्या नावानं आलेल्या पाकिटातून उगवलं ते कॅटनिप, त्याचं भाऊबंद: उंच, फुलं पांढरट. मांजरं त्यावर जास्त लोळतात, एवढंच.

लोळून ठोंब चेपतो, म्हणून झाडाभोवती वीतभर काड्या रोवायच्या. ताटल्या वाया गेल्या नाहीत, आता मांजराचं पाणी त्यांत असतं.